गाडीतल्या विजेचा काटकसरीचा संसार



इस्त्री, मिक्सर, गीझर यांच्याबद्दल आपण या सदरात नेहमीच बोलतो. आज घराबाहेर उभ्या असलेल्या, पण घराइतक्याच आपल्या झालेल्या एका वस्तूबद्दल बोलायचं आहे. ती म्हणजे आपली गाडी. दहिसर पूर्वेच्या एका भगिनींनी विचारलं आहे : "सुट्टीत आम्ही गाडीने सुरतेला नणंदेकडे जातो. माझं काम घरून चालतं, त्यामुळे लॅपटॉप बरोबर असतो. दहिसरचा नाका ओलांडून वसईच्या खाडीवरच्या पुलापर्यंत पोचायलाच कधीकधी तास-दीड तास जातो आणि लॅपटॉपची बॅटरी संपत येते. तो गाडीत चार्ज करता येईल का? यजमान म्हणतात, वायरिंग जळेल. धाकटे दीर म्हणतात, काही होत नाही वहिनी, बिनधास्त लावा. खरं कोणाचं?"

खरं दोघांचंही थोडंथोडं आहे. लॅपटॉप गाडीवर चार्ज होतो, अगदी सुखरूप होतो. पण बिनधास्त लावायची ती गोष्ट नव्हे. आणि वायरिंग जळते ती लॅपटॉपमुळे नव्हे, तर हिशेब न केल्यामुळे. हा हिशेब दुधाच्या किंवा वाण्याच्या हिशेबापेक्षा अवघड नाही. आपण 'विजेचं म्हणजे पुरुषांचं काम' म्हणून बाजूला होतो, पण गाडी चालवणाऱ्याचे हात स्टिअरिंगवर असतात. शेजारी किंवा मागे बसून ती पिन खोचणार कोण? आपणच ना? मग आपल्याला कळायलाच हवं.

प्रवासाचीच बाब आहे असंही नाही. सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० आठवतो का? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अशा सगळीकडचे दिवे एकदम गेले. कळवा आणि पडघा यांच्यामधल्या उच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला होता. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कोरोनाचे दिवस, ऑफिस घरात, शाळा घरात आणि वीज नाही! काही भागांत काही तासांत दिवे आले, काही ठिकाणी बराच वेळ लागला. अशा वेळी खाली उभी असलेली गाडी म्हणजे चाकांवरची बॅटरीच. पण तिच्यावर काय, किती आणि कसं लावायचं, हे त्या घाईत शिकता येत नाही. ते आधीच ठाऊक असावं लागतं.

गाडीत वीज येते कुठून?

गाडीच्या बॉनेटखाली एक जड, चौकोनी बॅटरी असते. ती १२ व्होल्टची. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, हे लक्षात घेतलंत म्हणजे फरक कळेल. या बॅटरीचं मुख्य काम एकच : किल्ली फिरवली की सेल्फ मारून इंजिन चालू करणं. त्या दोन-तीन सेकंदांत ती मोठा जोर लावते. इंजिन एकदा चालू झालं की त्यावरचा अल्टरनेटर नावाचा भाग वीज तयार करतो, गाडीचे दिवे, पंखा, गाणी यांना पुरवतो आणि बॅटरीही पुन्हा भरतो. त्या वेळी व्होल्टेज साधारण पावणेचौदा ते साडेचौदापर्यंत जातं.

म्हणजे बघा, इंजिन चालू असताना आपण कमाईतून खर्च करत असतो. इंजिन बंद असताना मात्र शिलकीतून. घरखर्चाचा हाच नियम इथेही. कमाईतून चार पैसे जास्त गेले तरी चालतं. शिलकीला हात लावायचा तर मोजून.

आता ते गोल भोक. गिअरजवळ किंवा पुढच्या खणाखाली जे सॉकेट असतं, ते मुळात सिगरेट पेटवायच्या लायटरसाठी आलं. आता बहुतेक नव्या गाड्यांत लायटर मिळत नाही, पण सॉकेट तसंच राहिलं. ते घरच्या तीन पिनांच्या सॉकेटसारखं घट्ट पकड घेणारं नाही. गाडीच्या हादऱ्यांनी पिन सैल होते, सैल जागी ठिणग्या उडतात, ठिणग्यांनी ते तापतं. म्हणून सॉकेट सैल असेल तर आधी ते बदलून घ्यावं. आणि एक : मुलांच्या हातून त्यात नाणं पडलं की शॉर्ट होऊन फ्यूज उडालाच म्हणून समजा. काही लावलेलं नसेल तेव्हा त्याचं झाकण बंद असू द्या.

आता आपला हिशेब

सॉकेटच्या झाकणावर किंवा कडेला बारीक अक्षरांत '१२ व्होल्ट, १२० वॅट' किंवा '१० अँपिअर' असं लिहिलेलं असतं. दोन्हीचा अर्थ एकच, कारण व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले १० बरोबर १२०. एवढा गुणाकार पाठ झाला की निम्मं काम झालं. काही गाड्यांत हा आकडा वेगळा असतो, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका एकदा उघडून पाहा.

आता लॅपटॉपचा घरचा चार्जर उलटा करा. त्यावर 'आउटपुट' या शब्दापुढे दोन आकडे असतात. समजा १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर असं आहे. गुणाकार केला तर जवळजवळ ६५ वॅट. साध्या कामाचे लॅपटॉप ४५ ते ६५ वॅटचे असतात. थोडे मोठे ९० ते १०० वॅटचे. मुलांच्या खेळांचे भारी लॅपटॉप १८० किंवा २३० वॅटचेही असतात. ते या सॉकेटवर पूर्ण ताकदीने चालणार नाहीत. नाकापेक्षा मोती जड होतो.

गाडीच्या १२ व्होल्टचे लॅपटॉपला लागणारे १९-२० व्होल्ट करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते. म्हणून आकड्यात दहा-पंधरा टक्के वाढवून धरा. ६५ वॅटचा लॅपटॉप गाडीतून सुमारे ७५ वॅट ओढेल, म्हणजे सहा-सव्वासहा अँपिअर. १० अँपिअरच्या सॉकेटला हे सहज झेपतं. ९० वॅटचा ओढेल सुमारे १०५, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. हे काठावरचं आहे. ते चालेल, पण त्याच सॉकेटला दुप्पट-तिप्पट करणारी जोडपिन लावून त्यावर टायरमध्ये हवा भरायचा पंप किंवा बाळाचं दूध गरम करायची किटली लावू नये. पंप आणि किटली या एकेकट्याच दहा अँपिअरच्या घरात जातात. एका वेळी एकच मोठी वस्तू, हे सूत्र ठेवा.

आता शिलकीचा हिशेब. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. १२ ने गुणलं तर ४२० वॅट-तास. ६५ वॅटचा लॅपटॉप पूर्ण ओढीने तासभर लावला तर त्यातले ७५ वॅट-तास गेले, म्हणजे सहावा हिस्सा. ऐकायला थोडं वाटतं. पण ही बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसतेच. ती एका दमात जोर लावण्यासाठी बनवलेली आहे. सावकाश रिकामी करत गेलात तर लवकर म्हातारी होते आणि सेल्फ मारायला लागणारा जोर तिच्यात उरत नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन-चार वर्षांच्या बॅटरीत मूळची ताकद राहिलेली नसते.

म्हणून साधा नियम : इंजिन बंद असेल तर नव्या बॅटरीवर फार तर एक तास, जुन्या बॅटरीवर अर्धा तास, आणि तेव्हा दिवे, गाणी, पंखा बंद. सकाळी गाडी कुरकुरत चालू होत असेल, तर इंजिन बंद ठेवून लॅपटॉप लावूच नका. रात्री अकरा वाजता महामार्गावर मनोरच्या पुढे पोरंबाळं गाडीत झोपलेली आहेत, चहा पिऊन परत येऊन किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्' झालं, अशी वेळ लॅपटॉपपायी येऊ देण्यासारखी नाही.

तीन वाटा आहेत, जवळची कोणती?

पहिली वाट टाइप-सी चार्जरची. लॅपटॉपला मोबाइलसारखं चपट्या-गोल तोंडाचं टाइप-सी भोक असेल आणि कंपनीने त्यातून चार्जिंगची सोय दिली असेल, तर ही वाट सगळ्यांत चांगली. सॉकेटमध्ये बसणारा छोटा चार्जर मिळतो. त्यावर 'पी. डी.' ही अक्षरं हवीत, म्हणजे पॉवर डिलिव्हरी. यात चार्जर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी बोलून ५, ९, १५ की २० व्होल्ट द्यायचे हे ठरवतात. त्यामुळे चुकीचं व्होल्टेज जाण्याची भीती फारशी उरत नाही.

दुसरी वाट त्या लॅपटॉपसाठीच बनवलेल्या गाडीच्या अडॅप्टरची. लॅपटॉपची पिन जुन्या पद्धतीची गोल असेल तर हाच घ्यावा. यात व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर चार्जरवर लिहिलेल्याइतके किंवा त्याहून जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनेच्या आतली बाजू धन की ऋण, हे दाखवणारं छोटं चित्र दोन्ही चार्जरवर असतं, तेही सारखं हवं. दहा प्रकारच्या पिना आणि व्होल्ट बदलायची कळ असलेला 'सगळ्यांना चालतो' छाप अडॅप्टर टाळा. मुलांनी खेळता खेळता ती कळ सरकवली की लॅपटॉपचा निकाल लागलाच.

तिसरी वाट इन्व्हर्टरची. हा डबा १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो आणि त्यावर आपला घरचाच चार्जर लागतो. सोयीचं वाटतं, पण जरा विचार करा. घरचा चार्जर ते २३० पुन्हा उतरवून २० करणार! म्हणजे दुधाची आधी पावडर करायची आणि मग पाणी घालून पुन्हा दूध करायचं. दोनदा रूपांतर, दोनदा नासाडी, दोनदा उष्णता. शिवाय स्वस्त इन्व्हर्टरची वीज ओबडधोबड असते. तिच्यावर काही चार्जर गुणगुणतात, काही तापतात. घ्यायचाच तर 'प्युअर साइन वेव्ह' लिहिलेला, १५० ते २०० वॅटचा घ्या आणि ओढ मात्र सॉकेटच्या मर्यादेतच ठेवा. आणि हे विसरू नका, की त्यातून निघणारे २३० व्होल्ट घरातल्याइतकेच जीवघेणे आहेत. भिजलेली छत्री, ओली पावलं आणि मागच्या सीटवरचं लहान मूल असेल तर इन्व्हर्टर नकोच.

दुकानात काय पाहाल?

फुटपाथवर 'शंभर वॅट' लिहिलेला चार्जर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. दिसतं तसं नसतं. पुष्कळदा ते शंभर वॅट म्हणजे दोन-तीन भोकांची बेरीज असते. लॅपटॉपला एका भोकातून किती मिळणार, ते पाहायचं. ६५ वॅटच्या लॅपटॉपसाठी टाइप-सी भोकासमोर '२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर' असं स्पष्ट लिहिलेलं असावं. आणि दुसऱ्या भोकात मोबाइल लावला की पहिल्याचे वॅट उतरतात का, हेही खोक्यावर वाचा.

वायरीकडे आपण बघतही नाही, पण मेख तिथेच असते. साधी टाइप-सी वायर ३ अँपिअरपर्यंतची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याहून जास्त हवे असतील तर ५ अँपिअरची, १०० वॅट किंवा जास्त लिहिलेली वायर लागते. मोबाइलबरोबर आलेली बारीक वायर लॅपटॉपला लावली तर एकतर चार्जिंग मंद होईल किंवा होणारच नाही. मग आपण उगाच लॅपटॉपला दोष देतो.

वस्तूवर भारतीय मानक ब्यूरोचं नोंदणीचिन्ह आणि 'आर' अक्षरापुढचा नोंदणी क्रमांक आहे ना, पाहा. बिल मागून घ्या. आणि कोणी म्हणालं, "ताई, डॅशबोर्डमागची वायर सोलून दुसरं सॉकेट जोडून देतो, पाच मिनिटांचं काम," तर नको म्हणा. जास्तीचं सॉकेट हवंच असेल तर गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधून, स्वतंत्र फ्यूज घालून, योग्य जाडीच्या वायरीने बसवून घ्यावं.

फ्यूजशी लबाडी नको

जुन्या चाळीत फ्यूज उडाला की पांढऱ्या किटकॅटमध्ये बारीक तार गुंडाळायची असायची आणि एखादा शहाणा जाड तार घालून 'आता उडणारच नाही' म्हणायचा. फ्यूज उडत नाही तेव्हा वायर जळते. गाडीतही तेच आहे. गाडीचे फ्यूज रंगीत चपट्या पाकळीसारखे असतात. रंगावरून आकडा कळतो : लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. सॉकेटचा फ्यूज उडाला तर त्याच रंगाचा, त्याच आकड्याचा घालावा. दुसऱ्यांदाही उडाला तर फ्यूजचा दोष नाही. तो बिचारा आपलं काम करतोय. दोष पुढे कुठेतरी आहे. तिथे लाल काढून हिरवा घालणं किंवा चांदी गुंडाळणं म्हणजे धावत्या गाडीत आग लावायची सोय करून ठेवणं. गाडीतल्या वायरी गालिच्याखाली, सीटखाली, फोमजवळून गेलेल्या असतात, हे डोळ्यांसमोर आणा.

वापरताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी

१. आधी इंजिन चालू करा, मग पिन लावा. सेल्फ मारताना व्होल्टेज दहाच्याही खाली येतं आणि लगेच उसळतं. ही ओढाताण लॅपटॉपला नको. उतरताना उलटा क्रम : आधी पिन काढा, मग इंजिन बंद करा.

२. घरून निघताना लॅपटॉप पूर्ण भरून घ्या. गाडीची वीज ही वरखर्चाला. पडद्याचा उजेड कमी केला, नको ते बंद केलं, तर ओढही कमी होते.

३. लावल्यावर दहा मिनिटांनी चार्जरला आणि सॉकेटच्या कडेला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल, प्लॅस्टिक किंवा रबर जळाल्याचा वास येत असेल, तर लगेच काढा.

४. चार्जर आणि लॅपटॉप उशी, शाल, बाळाच्या दुपट्याखाली ठेवू नका. त्यांना हवा लागते.

५. गाडी चालवणाऱ्याने लॅपटॉपकडे बघायचंही नाही. पुढच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप उघडून बसणंही वाईट. अपघातात एअरबॅग फुटली तर तो लॅपटॉप तोंडावर आदळतो. काम करायचं तर मागे बसा, पट्टा लावा. वायर गिअर आणि ब्रेकच्या वाटेत येऊ देऊ नका.

६. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत लॅपटॉप किंवा पॉवर बँक ठेवू नका. लिथियम बॅटऱ्यांना ४५ अंशांच्या वर चार्जिंग सोसत नाही आणि बंद गाडीतला पारा त्याच्याही पुष्कळ वर जातो. बराच वेळ उन्हात राहिलेली गाडी आधी थंड होऊ द्या, मग चार्जिंग.

७. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही सॉकेट चालूच राहतं. रात्री चार्जर काढून ठेवायची सवय लावा.

लॅपटॉपपेक्षा जीव मोठा

आतापर्यंतचं सगळं नुकसान पैशांनी भरून निघणारं. आता जे सांगते ते तसं नाही. म्हणून हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवून बसायचं असेल तर ते उघड्या हवेतच. इमारतीचं तळघर, बंद गॅरेज, शटर ओढलेलं पार्किंग इथे कधीही नाही. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की दमलो असेन. त्या झोपेतून जाग येत नाही. वीज गेलेल्या रात्री 'मुलाची परीक्षा आहे, खाली गाडीत बसून अभ्यास करू दे, एसीही लागेल' असं वाटणं साहजिक आहे. पण तळघरात नाही म्हणजे नाही. गाडी बाहेर काढा, मोकळ्या जागी उभी करा, सायलेन्सर भिंतीला चिकटलेला नको, काचा थोड्या खाली हव्यात. लॅपटॉप भरला की इंजिन बंद. उभ्या गाडीचं इंजिनही तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितं, हेही विसरू नका.

दुसरं पाणी. तुळशी तलावाकडून, राष्ट्रीय उद्यानातून येणारी आपली दहिसर नदी पावसाळ्यात काय रूप घेते, हे तिच्या काठावरच्यांना सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत पाण्याने वेढलेल्या बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. तेव्हा रस्त्यात पाणी चढू लागलं, तर चार्जिंग, काम, फाइल सगळं सोडा. पिन काढा, काच खाली करा, दार उघडतंय तोवर मुलांना घेऊन बाहेर पडून उंच जागी जा. पाण्यात विजेच्या काचा आणि दारं अडकून बसू शकतात. लॅपटॉप नवा येतो.

तिसरं, सीएनजी भरताना. उपनगरात आता घरोघरी सीएनजीच्या गाड्या आहेत. पंपावर इंजिन बंद करायचं, सगळ्यांनी उतरायचं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याआधी चार्जरही काढून ठेवायचा, एवढं त्यात जोडा.

तुमच्या नेहमीच्या शंका

*"गाडीत मोबाइलचं भोक आहे. त्याला लॅपटॉप लावला तर चिन्ह येतं, पण टक्के वाढत नाहीत."*
ते चपटं, आयताकृती जुनं भोक ५ व्होल्टचं, जेमतेम अडीच ते बारा वॅट देणारं. लॅपटॉपची तहान मोठी, आणि हा चमचा. नव्या गाड्यांत टाइप-सी भोक असतं, तेही किती वॅटचं आहे हे पुस्तिकेत पाहून घ्या.

*"पाचशे वॅटचा इन्व्हर्टर आणला तर सहलीत मिक्सरही चालेल ना?"*
नाही. ५०० भागिले १२ म्हणजे चाळीसच्या वर अँपिअर, आणि सॉकेट दहाचं! इस्त्री तर हजार वॅटची, म्हणजे त्र्याऐंशी अँपिअर. अंथरूण पाहून पाय पसरावेत. चटणी घरून करून न्या, कपडे इस्त्री करून न्या.

*"त्यापेक्षा पॉवर बँक बरी का?"*
बरी आहे, गाडीला त्रासच नाही. मात्र पी. डी. लिहिलेली, ४५ किंवा ६५ वॅट देणारी हवी. २०,००० मिली-अँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ७४ वॅट-तास असतात. गळती वजा जाता साध्या लॅपटॉपचं एक भरणं होतं.

*"आमची गाडी विजेवर चालते. तिला हे नियम लागू आहेत का?"*
तिच्यातही गोल सॉकेटसाठी वेगळी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, म्हणून सॉकेटची मर्यादा तीच. गाडी 'रेडी' स्थितीत असेल तर मोठी बॅटरी छोटीला भरत राहते आणि धूरही नाही. काही गाड्यांत घरच्यासारखी वीज बाहेर काढायची खास सोय असते. ती कंपनीच्याच साहित्याने वापरावी.

*"एसटीत किंवा ट्रकमध्ये हाच चार्जर चालेल?"*
ट्रक आणि मोठ्या बसगाड्यांत सहसा २४ व्होल्ट असतात. चार्जरवर '१२-२४ व्होल्ट' लिहिलेलं असेल तरच लावा.

*"बॅटरी उतरलीच तर?"*
आधी लॅपटॉप काढा, मग दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. माहीतगार माणूस असेल तर त्याच्याकडून करून घ्या.

आता निकाल

तेव्हा दहिसरच्या भगिनींनो, यजमानांना आणि दिरांना दोघांनाही चहा द्या आणि हा लेख पुढे ठेवा. तुमचा लॅपटॉप ६५ वॅटचा असेल आणि गाडीचं सॉकेट १२० वॅटचं असेल, तर चांगला पी. डी. चार्जर आणि योग्य वायर घेऊन धावत्या गाडीत निर्धास्त काम करा. सुरतेपर्यंतच्या साधारण २४० किलोमीटरच्या वाटेत तो पूर्ण भरून निघेल. रांगेत थांबलात तरी इंजिन चालू आहे तोवर काळजी नाही. इंजिन बंद केलंत की घड्याळ पाहा.

बाकीच्या मैत्रिणींसाठी चार ओळी. कापून गाडीच्या खणात ठेवा :

*वॅट पाहा, मगच खोचा.*
*इंजिन आधी, पिन नंतर.*
*फ्यूज त्याच रंगाचा.*
*बंद जागेत इंजिन कधीच नाही.*

पुढच्या अंकात घरातल्या अर्थिंगबद्दल बोलू. पावसाळ्याच्या आत ते तपासून घेतलेलं बरं. तोपर्यंत तुमच्या शंका जरूर कळवा.